निवासी वस्तीतील कोंबड्या आणि कायदा : इंग्लंडमधील १९५० च्या तरतुदीचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

नागरी वस्तीत कोंबड्या पाळाव्यात की नाही, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटतो. परंतु त्यासंबंधीच्या कायद्यांच्या इतिहासातून घरमालक, भाडेकरू, शेजारी आणि शासन यांच्या परस्परसंबंधांवर प्रकाश पडतो. १९५० च्या ‘अलॉटमेंट्स अ‍ॅक्ट’मधील कलम १२ ने इंग्लंडमधील रहिवाशाला आपल्या परसात कोंबड्या पाळण्याचा हक्क दिला. हा हक्क कोणाविरुद्ध दिला गेला आणि कोणाविरुद्ध दिला गेला नाही, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बंधनांचे दोन प्रकार

एकोणिसाव्या शतकात इंग्लिश शहरांत पशुपक्षी पाळण्यावर दोन मार्गांनी बंधने आली. पहिला मार्ग सार्वजनिक आरोग्याचा होता. उपद्रव होईल किंवा आरोग्यास अपाय होईल अशा रीतीने पाळलेला कोणताही प्राणी १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्याने ‘उपद्रव’ या संज्ञेत अंतर्भूत केला. आक्षेप प्राण्याला नव्हता, पाळण्याच्या रीतीला होता.

दुसरा मार्ग खाजगी कराराचा होता. जमीन विकताना घातलेली अट, तिची माहिती असलेल्या पुढील खरेदीदारावरही बंधनकारक ठरते, असा निर्णय १८४८ मध्ये टल्क विरुद्ध मॉक्सहे या खटल्यात लंडनमधील लेस्टर स्क्वेअरच्या बागेसंबंधी दिला गेला. या तत्त्वामुळे वस्तीचे स्वरूप पुढील काळासाठीही ठरवून ठेवणे जमीनमालकांना शक्य झाले. कोंबड्या न पाळण्याची अट खरेदीखतांत आणि भाडेपट्ट्यांत येऊ लागली. या अटीखाली अपाय सिद्ध करण्याची गरज नव्हती. स्वच्छ खुराड्यातील दोन कोंबड्यांनीही करारभंग होत असे. तिच्यामागे आरोग्याइतकीच वस्तीच्या प्रतिष्ठेची आणि मालमत्तेच्या किमतीची चिंता होती.

युद्धकालीन टंचाई

दुसऱ्या महायुद्धात आयात घटल्याने पशुखाद्याची टंचाई निर्माण झाली. जून १९४१ पासून अंड्यांचे नियंत्रित वाटप सुरू झाले. सामान्यतः माणशी आठवड्याला एक अंडे मिळे, तेही उपलब्ध असल्यास. शासनाने परसातील कुक्कुटपालनास उत्तेजन दिले. वाट्याची अंडी सोडून देणाऱ्या कुटुंबाला त्याऐवजी कोंबड्यांसाठी पूरक खाद्य मिळे आणि ते घरातील खरकट्यात व भाजीच्या सालींत मिसळून घातले जाई. करारांतील मनाई या धोरणाच्या आड येऊ लागली, तेव्हा युद्धकालीन संरक्षण नियमांनी ती बाजूला सारली. काल जी कोंबडी वस्तीच्या प्रतिष्ठेला बाधक होती, तीच आज राष्ट्रकार्यास साहाय्यक ठरली.

कलम १२ चा आशय

युद्ध संपले तरी टंचाई संपली नाही. अंड्यांवरील नियंत्रण मार्च १९५३ मध्ये उठले. या काळातच १९५० चा कायदा झाला. भाडेपट्ट्यात किंवा करारात काहीही अट असली, तरी जमिनीच्या भोगवटादाराला कोंबड्या व ससे पाळता येतील आणि त्यासाठी खुराडी उभारता येतील, असे कलम १२ सांगते. मात्र हे पालन व्यापारासाठी नसावे आणि त्यातून आरोग्यास अपाय किंवा उपद्रव होऊ नये, अशा मर्यादा त्याने घातल्या. कलमातील शब्द मादीवाचक असल्याने नर कोंबड्याला त्याचे संरक्षण नाही, असे मानले जाते. १९३६ मध्येच निवासी भागाजवळील सुमारे ७५० कोंबड्यांच्या पहाटेच्या आरवण्याविरुद्ध न्यायालयाने मनाईहुकूम दिला होता.

तात्पर्य, हा हक्क जमीनमालकाविरुद्ध आहे, शेजाऱ्याविरुद्ध नाही. प्रतिष्ठेसाठी घातलेले बंधन कायद्याने दूर केले आणि आरोग्यासाठी घातलेले कायम ठेवले.

मुंबई आणि महाराष्ट्र

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्याचे कलम ३८४ याच आरोग्यविषयक परंपरेतील आहे. डुकरे पाळण्यास त्याने आयुक्तांची लेखी परवानगी आवश्यक ठरवली. अन्य प्राण्यांच्या बाबतीत उपद्रव किंवा धोका होईल अशा रीतीने पाळण्यास मनाई केली. खाजगी करारातील मनाई दूर करणारी तरतूद मात्र या कलमात नाही.

आरोग्यविषयक बंधनाचे गांभीर्य फेब्रुवारी २००६ मध्ये प्रकर्षाने जाणवले. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे बर्ड फ्लूचा प्रादुर्भाव झाला, तेव्हा व्यावसायिक पक्ष्यांबरोबर परसातील कोंबड्याही नष्ट करण्यात आल्या. ज्या कुटुंबाला कोंबडी हीच अडीअडचणीची पुंजी असते, त्याला सार्वजनिक हिताची किंमत अधिक मोजावी लागते. इंग्लंडमध्येही याच रोगाच्या भीतीने १ ऑक्टोबर २०२४ पासून एक कोंबडी पाळणाऱ्यासही नोंदणी बंधनकारक झाली.

निष्कर्ष

कोंबडीवरील प्रत्येक बंधन आरोग्यरक्षणाच्या भाषेत मांडले जाते, परंतु प्रत्येक बंधनाचा हेतू तोच असतो असे नाही. अपाय कोणाला आणि कसा होतो, हे दाखवून देण्याची जबाबदारी बंधन घालणाऱ्यावर असावी, हे १९५० च्या तरतुदीतून सूचित होते. आपल्या शहरांतील नियमांची चिकित्सा करतानाही हा निकष उपयुक्त ठरावा.