सांजताऱ्यांची दुलई

१८३६ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बोस्टन शहरी गुलामगिरीविरोधी स्त्रियांनी भरविलेल्या विक्रीमेळ्यात पाळण्यातील बाळासाठी शिवलेली एक लहानशी दुलई होती. लिडिया मारिया चाइल्ड या लेखिकेचे नाव तिच्याशी निगडित आहे. १८३३ साली गुलामांची बाजू मांडणारा ग्रंथ लिहिल्यामुळे या बाईंचे पुष्कळ वाचक दुरावले होते. स्त्रियांना मताधिकार नव्हता. सुई मात्र होती.

दुलईवरील नक्षी ‘सांजतारा’ या नावाची. मधोमध एक चौरस, कोपऱ्यांत चार, भोवती चार मोठे व आठ लहान त्रिकोण, असे एका ताऱ्याला सतरा तुकडे लागतात. त्रिकोणाची तिरपी कड किंचित ताणली गेली, तरी ताऱ्याचे टोक बिघडते. आपल्याकडील गोधडीला एवढा काटेकोरपणा सोसत नाही, आणि तिचे काही अडतही नाही!

मधल्या ताऱ्यात शाईने काव्यपंक्ती लिहिल्या आहेत. आपल्या बाळाला कवटाळणाऱ्या मातेने, जिचे मूल हिरावून विकले जाते त्या गुलाम मातेसाठी प्रार्थना करावी, असा त्यांचा आशय. अमेरिकेतील कापूस त्या काळी बहुतांशी अशाच मातांच्या हातांनी वेचलेला असे. तेथील गुलामगिरी कायद्याने संपली ती १८६५ साली.