आंब्रोलीचे विल्सन दांपत्य

वाचकहो, गिरगावातली फणसवाडी तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली नसेल, पण नाव कानावरून गेले असेल. आज तिथे फणसाचे झाड दिसायचे नाही. पण फणसवाडी, आंबेवाडी, कांदेवाडी ही नावे काय उगाच पडली? दोनशे वर्षांपूर्वी हा सारा टापू बागांचा आणि वाड्यांचा होता. साहेबलोकांचा कारभार किल्ल्याच्या तटाआत चाले. त्याच्या बाहेर, झाडीत, आपली मराठी माणसे राहत. याच गिरगावात आंब्रोली नावाच्या जागी एका स्कॉटिश पाद्र्याने बिऱ्हाड केले. त्याचे नाव जॉन विल्सन, त्याच्या बायकोचे नाव मार्गारेट. विल्सन कॉलेजमुळे पहिले नाव टिकले. दुसरे नाव इतिहासाच्या पुस्तकांत फारसे येत नाही, म्हणून आज मी त्याच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहे.

आधी काळ लक्षात घ्या. कंपनी सरकारला पाद्री नको असत. लोकांच्या धर्मात हात घातला तर व्यापार बुडेल, राज्य हलेल, ही धास्ती. १८१३ साली गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत पोचले, तेव्हा त्यांना परत पाठवण्याचाच बेत होता. त्यांच्या मागून आलेला सॅम्युएल न्यूवेल तर एकटाच आला. त्याची बायको हॅरिएट वाटेत मॉरिशस बेटावर वारली होती. वय अवघे एकोणीस. हॉलसाहेब पुढे १८२६ साली नाशिककडच्या फेरीत पटकीने गेले. उष्ण देशात येणाऱ्या मिशनऱ्याच्या घरी मरण हे असे उंबऱ्यात बसलेले असे. १८१३ च्या सनदेने दार किलकिले झाले आणि १८२३ पासून स्कॉटिश मिशनची माणसे आपल्या कोकणात, बाणकोट-हर्णैला येऊन राहिली.

विल्सन पतिपत्नी १८२८ च्या उत्तरार्धात स्कॉटलंडहून निघाली ती फेब्रुवारी १८२९ मध्ये मुंबईला उतरली. सुएझचा कालवा तेव्हा कुठला! सगळ्या आफ्रिकेला वळसा घालून यायचे, शिडाच्या जहाजातून. जॉन चोवीस वर्षांचा होता, मार्गारेट तेहतीस वर्षांची. होय, बायको नवऱ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठी. ती चांगली शिकलेली होती.

मुंबईत उतरल्यावर ती दोघे लगेच कामाला लागली नाहीत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. ती कोकणात गेली, मराठी शिकायला. हर्णै-बाणकोटच्या मिशनऱ्यांजवळ राहून काही महिने भाषा घोटली आणि वर्ष संपायच्या आत मुंबईला परतली. पुढे विल्सनसाहेबांनी संस्कृत, गुजराती, फार्सी अशा कितीतरी भाषा आत्मसात केल्या, पण पाया मराठीचा. मार्गारेटबाईंनीही मराठी तितक्याच जिद्दीने कमावली. दुभाषा मध्ये ठेवून मुलींना शिकवता येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. शिक्षकबंधूंना हे वेगळे सांगायला नको.

मुंबईत मुलींची शाळा ही अगदीच नवी गोष्ट नव्हती. अमेरिकन मिशनने १८२४ मध्येच ती सुरू केली होती. पण मार्गारेटबाई आल्या आणि आल्या वर्षातच कामाला भिडल्या. एक शाळा, मग दुसरी, मग तिसरी. 'शाळा' म्हणजे तुम्ही आज समजता तशी इमारत नव्हे. भाड्याची खोली, एखादा पंतोजी, आणि जमिनीवर बसलेल्या पोरी. बाईंनी फेऱ्या मारून प्रत्येक ठिकाणचा अभ्यास पाहायचा, वाचन घ्यायचे, शिवण शिकवायचे. मुली कुठल्या? बहुतेक गरिबांच्या. बरे घर मुलीला पाठवीत नसे. शिकलेली बायको विधवा होते, अशी समजूत पसरलेली. शिवाय शिकवणार कोण, तर बाटवणारे! पालकांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. शाळेत बायबल होतेच, आणि मिशनरी ते लपवीतही नसत. पण अक्षर हे अक्षर असते. एकदा वाचता आले की मुलगी काय वाचील ते पंतोजीच्याही हाती राहत नाही आणि मड्डमच्याही.

विल्सनसाहेबांचा स्वभाव वादाचा. १८३१ साली मोरभट दांडेकर या शास्त्र्यांशी त्यांचा जाहीर वाद झाला. दोन्ही पक्षांचे लोक जमले, प्रश्नोत्तरे झाली. नंतर मोरभटांनी 'श्रीहिंदुधर्मस्थापना' हे पुस्तक लिहून छापले, त्याला विल्सनांनी १८३२ मध्ये इंग्रजीत उत्तर दिले. मग साताऱ्याचे नारायणराव पुढे सरसावले, त्यांनाही १८३४ मध्ये उत्तर. आमच्या देवादिकांच्या कथांवर साहेबांनी केलेली टीका आज वाचताना बोचते; ज्या धर्मात लाखो माणसे सुखाने जगली-मेली, त्याच्याकडे इतक्या कोरड्या नजरेने पाहणे काही बरोबर नाही. तरी एक गोष्ट मान्य करायला हवी. वाद लाठीने झाला नाही, लेखणीने झाला, आणि आपल्या शास्त्र्यांना छापखान्याचा उपयोग कळला. त्याच १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले होते, हेही ध्यानात ठेवा.

थंडीचे दिवस आले की साहेब दौऱ्यावर निघत. नाशिक, जालना, औरंगाबाद, वेरूळ, गोवे, सुरत, काठेवाड, असा प्रदेश त्यांनी १८३१ ते १८३५ या चार-पाच वर्षांत पायाखाली घातला. आगगाडी १८५३ ची. बोरघाटाचा गाडीरस्तासुद्धा १८३० साली नुकताच झाला होता. तेव्हा होडी, घोडे, बैलगाडी, पालखी, जे मिळेल ते. गावाबाहेर तंबू ठोकायचा, चावडीवर किंवा देवळाच्या ओट्यापाशी बोलायचे, पुस्तके वाटायची. साहेब महिनोन् महिने बाहेर असत तेव्हा मुंबईचे काम कोण पाही? मार्गारेटबाई. शाळा, पत्रव्यवहार, साहेबांच्या 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' मासिकाचा मजकूर, आल्यागेल्याचे करणे, आणि स्वतःची मुले. त्यात तान्हे मूल गमावण्याचे दुःखही आलेच.

मार्च १८३५. विल्सनसाहेब जुनागडला गिरनारच्या पायथ्याशी होते. तिथे एका मोठ्या शिळेवर कुणालाही न वाचता येणारी अक्षरे कोरलेली. साहेबांना जुन्या लिप्यांचा नाद. त्यांनी ओळखले की हे काहीतरी मोलाचे आहे. त्यांच्यासाठी कॅप्टन लँग यांनी त्या लेखाचे कापडावर ठसे घेतले. ते कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे गेले, आणि १८३८ च्या सुमारास उलगडा झाला, की या शिळेवर अशोकाच्या आज्ञा आहेत! आज शाळेतला मुलगा अशोकाचे नाव घडाघडा घेतो. ते नाव दगडातून बाहेर काढण्यात या पाद्र्याच्या प्रवासाचाही वाटा आहे.

पण त्याच्या पुढच्याच महिन्यात, १९ एप्रिल १८३५ रोजी, मार्गारेटबाई मुंबईत वारल्या. वय एकोणचाळीस. हिंदुस्थानात त्यांना पुरती सवासहा वर्षे मिळाली. साहेबांनी पत्नीचे चरित्र लिहून १८३८ मध्ये एडिंबरोला प्रसिद्ध केले. बाईंच्या दोघी बहिणी नंतर स्कॉटलंडहून आल्या आणि मुलींच्या शाळांचे काम त्यांनी उचलले. विचार करा, जिथे बहीण मेली त्याच गावी समुद्र ओलांडून यायचे! मार्गारेटबाईंचा मुलगा अँड्र्यू पुढे पत्रकार झाला, हिमालयात हिंडला आणि १८७५ मध्ये त्या प्रवासावर त्याने एक नावाजलेले पुस्तक लिहिले. आईबापांचे फिरतेपण रक्तात उतरले म्हणायचे.

यानंतरचा भाग थोडा कडवट आहे. १८३९ मध्ये धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी विल्सनांकडून बाप्तिस्मा घेतला. मुंबई पेटली. प्रकरण कोर्टात गेले, आणि साहेबांच्या शाळेतली बहुतेक मुले पालकांनी काढून घेतली. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, नारायण शेषाद्रि हा ब्राह्मण विद्यार्थी ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत त्याच्यामागे मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. बापाने फिर्याद केली, कोर्टाने मुलगा बापाच्या हवाली केला. पण घरी आलेल्या मुलाला जातीत घ्यायचे कुणी? तो साहेबांच्या घरी जेवला होता ना! बाळशास्त्री जांभेकर त्याच्या बाजूने उभे राहिले, प्रायश्चित्त देऊन मुलाला घ्या म्हणाले, तर सनातनी मंडळी बाळशास्त्र्यांवरच उलटली. मला या साऱ्या प्रकरणात त्या पोराची कीव येते. एका बाजूला पाद्री, दुसऱ्या बाजूला पंचायत, आणि मध्ये शाळेत जाणारे एक लहान मूल. इतिहासात आपण मोठ्यांचे वाद वाचतो. त्या वादात रात्री कोण रडत झोपले, ते कुठे लिहिलेले नसते.

नारायण शेषाद्रि पुढे जालन्याकडे गेले आणि तिथे त्यांनी बेथेल नावाची वस्ती वसवली. धनजीभाई तर १८४३ मध्ये साहेबांबरोबर मिसर, सिनाई, पॅलेस्टाइन असे करीत स्कॉटलंडपर्यंत गेले. तिथून साहेब परतले ते दुसरे लग्न करून. या इझाबेला विल्सन. मुलींच्या शाळांचे काम आता त्यांच्याकडे आले, आणि १८४७ पासून १८६७ पर्यंत, म्हणजे आपल्या मृत्यूपर्यंत, वीस वर्षे त्यांनी ते निभावले. आंब्रोलीचे घर मागे पडून मलबार टेकडीवरचा 'क्लिफ' बंगला आला. साहेब आता मुंबईचे वडीलधारे झाले होते: एशियाटिक सोसायटीचे माजी अध्यक्ष, लेण्यांच्या पाहणीचे प्रमुख, १८५७ च्या बंडात पकडलेली सांकेतिक पत्रे वाचून देणारे, पुढे विद्यापीठाचे कुलगुरू.

याच काळातली एक गोष्ट सांगायची राहिली. १८६४ साली आफ्रिकेचा संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन आपली छोटी आगबोट घेऊन मुंबईला आला. त्याच्याबरोबर गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या तावडीतून सोडवलेली दोन आफ्रिकन मुले होती, चुमा आणि वाकातानी. लिव्हिंग्स्टनने ती विल्सनसाहेबांच्या शाळेत ठेवली. वर्षभराने परत येऊन त्यांना आफ्रिकेच्या स्वारीवर नेले. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन मध्य आफ्रिकेत मेला, तेव्हा त्याचा देह शेकडो मैल खांद्यावरून समुद्रकाठी आणणाऱ्या सोबत्यांत हा चुमा पुढारी होता. मुंबईच्या शाळेत बसलेला पोरगा!

इकडे मुलींच्या शाळांचे काय झाले? पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले १८४१ ते १८४७ शिकले, आणि १८४८ मध्ये त्यांनी स्वतःची मुलींची शाळा काढली. तिथे बायबलाची अट नव्हती. मुंबईत १८४९ मध्ये एल्फिन्स्टनच्या तरुणांनी, त्यांत दादाभाई नौरोजी होते, मराठी आणि गुजराती मुलींच्या शाळा घातल्या. जगन्नाथ शंकरशेटांनी त्यांना मोठा आधार दिला. या मंडळींना मिशनऱ्यांचा धर्म नको होता, पण पोरीने वाचले तर आकाश कोसळत नाही, हे मिशनऱ्यांच्या शाळांत त्यांनी पाहिले होते. मिशनऱ्यांशी स्पर्धा म्हणून का होईना, दारे उघडली.

विल्सनसाहेब १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईतच वारले. या शहरात पहिले पाऊल टाकल्याला सेहेचाळीस वर्षांहून जास्त काळ झाला होता. चौपाटीसमोर दिसणारी कॉलेजची दगडी इमारत त्यांच्यानंतरची, १८८९ ची. मार्गारेटबाईंच्या १८३२ च्या मुलींच्या शाळेचा वारसा सांगणारी सेंट कोलंबा शाळा गावदेवीला आहे. मुंबईला आलात तर चौपाटीवरून ती चालत जाण्याजोगी.

शिक्षकबंधूंना एक काम सुचवतो. आपल्या शाळेचे सर्वांत जुने जनरल रजिस्टर कपाटातून काढा, धूळ झटका आणि त्यात पहिल्या मुलीचे नाव कोणत्या सालच्या पानावर आहे ते पाहा. तिच्या बापाचा धंदा पुढे लिहिलेला असतो, शाळा सोडल्याचे कारणही. ते कारण मुलांना वर्गात वाचून दाखवा.