मरियमच्या नावाचे चर्च आणि भिंतीतली मेहराब

१५२६ हे साल आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असते. २१ एप्रिलला पानिपतावर इब्राहिम लोदी पडला आणि बाबर दिल्लीत आला. त्याच साली चार महिन्यांनी, २९ ऑगस्टला, युरोपात मोहाचची लढाई झाली. ही गोष्ट मात्र आपल्या पाठ्यपुस्तकात नसते. मोहाच हे हंगेरीतले एक गाव. तिथे उस्मानी सुलतान सुलेमानच्या फौजेने हंगेरीचे सैन्य अवघ्या दोनेक तासांत मोडून काढले. राजा लायोश दुसरा वीस वर्षांचा होता. तो पळताना ओढ्यात पडून मेला. मराठीत आपण ‘पानिपत झाले’ म्हणतो. हंगेरियन माणूसही आपले काही नुकसान झाले की ‘मोहाचला याहून जास्त गेले होते’ असे म्हणून स्वतःची समजूत घालतो. पराभव भाषेत असा मुरतो की पुढे तो कोणाचा, कोणाकडून झाला याची आठवणही लागत नाही.

त्या स्वारीत सुलेमान राजधानी बुडापर्यंत गेला, पण शहर ताब्यात न ठेवता परतला. परतताना पुष्कळ काही नेले. राजा मात्याशने जमवलेल्या प्रसिद्ध ग्रंथालयातली पुस्तके नेली, पितळेचे पुतळे नेले आणि उंच दीपस्तंभांची एक जोडीही नेली. हे दीपस्तंभ वजीर इब्राहिम पाशाने इस्तंबूलच्या आया सोफियात मेहराबीच्या दोन्ही बाजूंना उभे केले. आजही ते तिथेच आहेत. पुस्तकांपैकी काही मात्र साडेतीनशे वर्षांनी परत आली. १८७७ साली सुलतान अब्दुल हमीद दुसरा याने ३५ हस्तलिखिते हंगेरीला भेट म्हणून धाडली. लुटीची परतफेडही भेट म्हणूनच करावी लागते, हा राजेलोकांचा जुना रिवाज.

आज ज्याला आपण बुडापेस्ट म्हणतो ते शहर १८७३ साली बुडा, ओबुडा आणि पेस्ट या तीन गावांचे मिळून झाले. दुनाव नदीच्या पश्चिमेला डोंगरावरचे बुडा, पूर्वेला सपाटीवरचे पेस्ट. बुडाच्या किल्ल्यावर जे मोठे चर्च दिसते त्याला लोक मात्याश चर्च म्हणतात. राजा मात्याश पंधराव्या शतकातला. त्याची दोन्ही लग्ने इथे लागली आणि चर्चचा उंच मनोराही त्याच्याच काळातला. त्यावर त्याच्या घराण्याची खूण म्हणून कावळ्याचे चिन्ह आहे. पण चर्चचे खरे नाव ते नव्हे. ते आहे मरियमच्या नावाचे चर्च, म्हणजे आपल्या बीबी मरियमचे.

बाहेरून पाहिले तर पहिल्यांदा नजर छतावर जाते. हिरव्या, पिवळ्या, तांबूस रंगाच्या चकचकीत कौलांची नक्षी आहे. आत गेले की अंधार डोळ्यांवर येतो आणि मग हळूहळू भिंती दिसू लागतात. वीतभरही जागा मोकळी नाही. पाने, वेली, चौकटी, तारे, सगळे खांब तळापासून वरपर्यंत रंगवलेले. दख्खनच्या जुन्या मशिदी आणि मकबरे पाहिलेल्या माणसाला ही नक्षी परकी वाटत नाही. पण फसू नये. हे रंगकाम फार जुने नाही. १८७४ ते १८९६ या काळात फ्रिजेश शुलेक नावाच्या वास्तुकाराने हे चर्च जवळजवळ नव्याने बांधले, तेव्हाचे ते आहे. शुलेकने पूर्वीच्या बरोक शैलीच्या भरी काढून टाकल्या आणि चर्च मध्ययुगात जसे असावे असे त्याला वाटले तसे केले. म्हणजे आज जे ‘जुने’ दिसते त्यातले बरेचसे एकोणिसाव्या शतकाने कल्पिलेले जुनेपण आहे. जगातल्या पुष्कळ प्राचीन वास्तूंची हीच कथा आहे, फक्त मार्गदर्शक ती सांगत नाहीत.

आणखी एक गोष्ट तिथे घाईत सांगून टाकतात. हे चर्च १४५ वर्षे मशीद होते.

ते कसे झाले ते नीट पाहण्याजोगे आहे. १५४१ साली बुडाला ऑस्ट्रियाच्या हाब्सबर्ग फौजेने वेढा घातला होता. आत विधवा राणी इझाबेला आणि तिचे वर्षभराचे मूल होते. सुलेमान त्यांचा पाठीराखा म्हणून आला. ऑस्ट्रियन फौज पळाली. मग सुलतानाने बाळराजाला पाहण्यासाठी आपल्या छावणीत बोलावले. सोबत हंगेरीचे सरदार गेले. इकडे छावणीत नजराणे आणि खाना चालला होता, तिकडे जानिसारी शिपाई शहर पाहायला आल्यासारखे दोन-दोन, चार-चार करून वेशीतून आत शिरले. संध्याकाळपर्यंत बुडा उस्मानी झाले. तारीख २९ ऑगस्ट, मोहाचचाच दिवस. बालिंट त्योरोक नावाच्या बड्या सरदाराला तिथेच अडकवले. तो पुढे इस्तंबूलच्या येदीकुले किल्ल्यात कैदेतच मेला. हंगेरियन भाषेत ‘काळे सूप अजून यायचे आहे’ अशी एक म्हण आहे. खरे संकट पुढेच आहे, असा तिचा अर्थ. लोक सांगतात, काळे सूप म्हणजे कॉफी. जेवण उरकून निघू पाहणाऱ्या बालिंटला सुलतानाच्या माणसांनी ‘थांबा, काळे सूप राहिले आहे’ असे म्हणून थांबवले. इतिहासकार ही गोष्ट मानत नाहीत. त्या काळी उस्मानी मेजवानीत कॉफी नव्हती, असे ते म्हणतात. म्हण मात्र टिकून आहे.

चार दिवसांनी, २ सप्टेंबर १५४१ रोजी, जुमा होता. मरियमच्या चर्चमधल्या वेद्या आणि मूर्ती हलवल्या गेल्या, भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला आणि सुलेमानने तिथे जुम्याची नमाज अदा केली.

सुलेमानचे नाव निघाले की आपल्यापैकी पुष्कळांची छाती थोडी फुगते. तो ‘कानुनी’ होता, न्यायी होता, सिनानसारखा वास्तुकार त्याच्या पदरी होता. हे सगळे खरे आहे. पण त्या शुक्रवारी बुडातल्या ज्या बायका रोज मरियमपुढे मेणबत्ती लावत असत त्यांना कोणी विचारले नव्हते. जिंकलेल्या शहरातले मुख्य प्रार्थनास्थळ जिंकणाऱ्याचे, हा त्या काळचा दस्तूर होता. ख्रिस्ती राजेही तो पाळत. कोर्दोव्याची जामा मशीद १२३६ साली अशीच चर्च झाली होती. दस्तूर होता म्हणून आपण तो समजून घेऊ शकतो. त्याची शेखी मिरवण्याचे मात्र कारण नाही. आणि कोकणातल्या किंवा मराठवाड्यातल्या मुसलमानाचा सुलेमानच्या लुटीत वाटा तरी कोणता? त्याचे वाडवडील तेव्हा इथेच शेत नांगरत होते, माग चालवत होते.

बुडातली सगळीच चर्च एकदम गेली नाहीत. मारिया माग्दालेनाचे चर्च ख्रिस्ती लोकांकडे राहिले. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांचे तेव्हा युरोपभर हाडवैर होते, पण इथे एकाच छपराखाली वेदीकडचा भाग कॅथलिकांनी आणि पुढचे दालन प्रोटेस्टंटांनी वाटून घेतले. ही व्यवस्था काही दशके चालली. पुढे तेही चर्च मशीद झाले. दुसऱ्या महायुद्धात ते पडले आणि आता त्याचा फक्त मनोरा उभा आहे.

१६८६ साली पासा उलटला. पोपच्या पाठबळाने उभ्या राहिलेल्या ख्रिस्ती राजांच्या फौजेने अडीच महिने वेढा घालून बुडा घेतले. तारीख होती २ सप्टेंबर, म्हणजे सुलेमानच्या त्या जुम्याला बरोबर १४५ वर्षे झाली होती. त्याच सप्टेंबरात इकडे दख्खनमध्ये सिकंदर आदिलशहा औरंगजेबाला शरण गेला आणि विजापूरची सल्तनत संपली. तिथे हरणारे मुसलमान आणि जिंकणारे ख्रिस्ती होते, इथे दोन्हीकडे मुसलमानच. वेढ्यात होरपळणाऱ्या रयतेला त्याने काय फरक पडला असेल!

बुडात शिरलेल्या शिपायांनी कत्तल केली. मुसलमान मारले गेले, आणि ज्यू लोकही. बुडाचे ज्यू तटावर तुर्कांच्या खांद्याला खांदा लावून लढले होते. उस्मानी अमलात त्यांना तिथे सुखाने राहता आले होते, हे त्यामागचे कारण. जे वाचले ते खंडणीसाठी कैदी झाले. मशिदी राहिल्या नाहीत. मरियमचे चर्च पुन्हा चर्च झाले. त्याबद्दलची एक कथा तिथे अजून सांगतात. तोफांच्या माऱ्यात चर्चमधली एक भिंत कोसळली आणि तिच्यामागे १५४१ साली लपवून चिणलेली मरियमची मूर्ती नमाज पढणाऱ्या तुर्कांसमोर एकाएकी उभी राहिली. त्यांचा धीर खचला आणि शहर पडले. दंतकथाच ही. पण ज्यांनी ती रचली त्यांना एक गोष्ट बहुधा ठाऊक नव्हती. ती मूर्ती जिची होती तिच्या नावाची पूर्ण सूरत त्या नमाजी लोकांच्या कुरआनात होती. कुरआनात नावाने उल्लेख झालेली ती एकमेव स्त्री आहे. मूर्ती त्यांना अमान्य होती, मरियम नव्हती.

मेहराब या शब्दाचेही तसेच आहे. आले-इम्रान सूरतीत हजरत जकरिया मरियमकडे जातात आणि तिच्यापाशी अन्न पाहून चकित होतात. ती ज्या जागी असते त्या जागेला तिथे मेहराब म्हटले आहे. म्हणूनच उस्मानी मशिदींत मेहराबीच्या वर पुष्कळदा हीच आयत कोरलेली आढळते. रोज पाच वेळा इमाम जिथे उभा राहतो त्या कोनाड्यावर मरियमची आठवण असते, हे आपल्यातल्या किती जणांच्या ध्यानात असते?

मात्याश चर्चमध्ये मशिदीची खूण शोधायला गेले तर काही हाती लागत नाही. पण नदी ओलांडून पेस्टला यावे. एर्झेबेत पुलाच्या तोंडाशीच तिथले सर्वांत जुने चर्च आहे. तेही मरियमच्याच नावाचे. पुलावरून भरधाव मोटारी जातात आणि चर्चची भिंत अगदी रस्त्याला लागून. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पूल बांधायचे ठरले तेव्हा हे चर्च पाडण्याच्या गोष्टी निघाल्या होत्या. शेवटी चर्च राहिले आणि रस्त्याला अंग चोरावे लागले. जमिनीखाली रोमन किल्ल्याचे अवशेष आहेत, वर गॉथिक गाभारा आणि त्याच्यापुढे अठराव्या शतकातले बरोक दालन.

या गाभाऱ्यात वेदीच्या उजव्या बाजूला भिंतीत एक मेहराब आहे. उस्मानी काळात हे चर्चही मशीद होते, तेव्हाची. चर्चच्या वेदीची दिशा आणि किबला एक नसतात. बुडापेस्टहून मक्का आग्नेयेला येते. म्हणून अशा रूपांतर झालेल्या मशिदींत मेहराब मधोमध न येता बाजूला सरकते. आया सोफियातही ती थोडी उजवीकडेच आहे. पेस्टची मेहराब लहान आहे. ती शोधावी लागते. तिच्यापुढे कोणी नमाज पढत नाही, पढायचे कारणही नाही. ते चालू चर्च आहे. वेदीवर मिस्सा होतो, लग्ने लागतात, ऑर्गन वाजतो, आणि भिंतीत मेहराब तशीच असते. चर्चवाल्यांनी ती बुजवलेली नाही.

हंगेरी काही प्रेमळांचा देश आहे असे मी म्हणत नाही. २०१५ साली सीरिया-अफगाणिस्तानातून निर्वासित आले तेव्हा त्या देशाने सर्बियाच्या सीमेवर काटेरी कुंपण घातले. तेव्हाचे पंतप्रधान विक्टर ओर्बान यांनी मुसलमान नकोत म्हणताना दीडशे वर्षांच्या तुर्की अमलाचा अनुभव पुढे केला. त्याच ओर्बान यांनी २०१८ साली तुर्कस्तानचे अध्यक्ष एर्दोगान यांच्यासोबत बुडातल्या गुल बाबांच्या दर्ग्याचे नव्याने उद्घाटन केले. राजकारणाला दर्गा चालतो, निर्वासित चालत नाही. इस्लामला मान्यताप्राप्त धर्म म्हणून स्वीकारणारा कायदा मात्र हंगेरीने १९१६ सालीच केला. त्याच वर्षीच्या ३० डिसेंबरला मात्याश चर्चमध्ये हंगेरीच्या शेवटच्या राजाचा राज्याभिषेक झाला.

बुडापेस्टची ती भिंत पाहताना ६ डिसेंबर १९९२ आठवणार नाही असा आपल्यात कोणी नसेल. आपल्या घरांनी त्यानंतरचे डिसेंबर आणि जानेवारी पाहिले आहेत. २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने मशीद पाडणे बेकायदा होते असे म्हटले आणि जागा मंदिरासाठी दिली. ते दुःख जुने होत नाही. पण जुलै २०२० मध्ये आया सोफिया संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली तेव्हा आपल्याच मोहल्ल्यांतून मोबाईलवर मुबारकबादी फिरल्या. त्याही विसरता कामा नयेत. अयोध्येत गेलेल्या घुमटांसाठी रडायचे आणि इस्तंबूलसाठी मिठाई वाटायची, या दोन गोष्टी एका तोंडाने मला करता येत नाहीत. ज्यांना येतात त्यांच्याशी वाद घालून मी थकलो आहे. तिथल्या मेहराबीच्या दोन्ही बाजूंना उभे असलेले ते दीपस्तंभ कुठून आले, एवढे तरी त्यांनी विचारावे.

बुडाच्या किल्ल्याच्या वायव्य तटावर, जिथे पर्यटक कमी जातात, झाडांखाली एक थडग्यासारखा दगड आहे. माथ्यावर पगडीचा आकार. तो शेवटचा उस्मानी सुभेदार अब्दुर्रहमान अब्दी पाशा याच्या नावाचा. हा अल्बानियन वंशाचा. १६८६ च्या वेढ्यात त्याला शरण येण्याचे निरोप गेले, त्याने ते नाकारले आणि सत्तरीच्या घरात असताना तटापाशी लढत मेला. दगड १९३२ साली बसवला. बसवणारा तुर्क नव्हता. त्याच दिवशी, त्याच लढाईत, समोरच्या बाजूने पडलेल्या एका हंगेरियन शिपायाच्या वंशजांनी तो बसवला. पाशा शूर शत्रू होता आणि त्याला शांती लाभो, अशा अर्थाचा मजकूर त्यावर कोरला आहे, हंगेरियनमध्ये आणि तुर्कीत.