दाखला आणि प्रवेश : वाटूर परिसरातील महाविद्यालयप्रवेशाच्या भाषांचा इतिहास

मराठवाड्यातील खेड्यात मूल शाळेत जाऊ लागले म्हणजे त्याचे ‘नाव घातले’ असे म्हणतात; शाळा सोडली म्हणजे ‘नाव काढले’. याच ‘नाव काढणे’ या वाक्प्रचाराचा दुसरा अर्थ कीर्ती मिळविणे असा आहे, ही गोष्ट भाषेच्या अभ्यासकाला गमतीची वाटेल. पण ज्या प्रदेशात गावच्या शाळेतून नाव काढल्यावाचून पुढच्या शिक्षणाची वाटच नव्हती, तेथे हे दोन अर्थ एकमेकांपासून फार दूर नव्हते. ‘प्रवेश’ हा शब्द या व्यवहारात पुष्कळ उशिरा आला. त्यापूर्वी तेथे ‘दाखला’ होता. हा मूळचा अरबी शब्द उर्दूत ‘दाखिला’ या रूपाने प्रवेश या अर्थी चालतो. मराठीत मात्र तो प्रमाणपत्र किंवा उदाहरण या अर्थी रूढ झाला. उर्दूत ज्या शब्दाने दार उघडते त्याच शब्दाने मराठीत दारावर दाखवावयाचा कागद सूचित होतो. हायस्कूलच्या विद्यार्थ्यास महाविद्यालयापर्यंत पोचविण्याचा या भागातील इतिहास बराचसा या दोन अर्थांमधील अंतराचा इतिहास आहे.

वाटूर हे गाव आज जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात मोडते. जालन्याहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यास परतूरचा रस्ता येथील फाट्यावर मिळतो. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. तत्पूर्वी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, आणि १९४८ पर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जिल्हा बदलणे ही वरवर कारभारापुरती बाब. परंतु विद्यार्थ्याच्या दृष्टीने जिल्हा बदलला म्हणजे दाखले देणारी कचेरी बदलते, जुने अभिलेख एका ठिकाणी राहतात आणि नवे दुसऱ्या ठिकाणी तयार होतात. या साध्या गोष्टीचे परिणाम पुढे पाहावयाचे आहेत.

संस्थानाच्या कारभाराची भाषा १८८४ च्या सुमारास फारसीवरून उर्दूवर आली. गावपातळीवर कुलकर्ण्याचे दप्तर मराठीत, बव्हंशी मोडी लिपीत, चालत असे. तहसिलीपासून वर उर्दू. म्हणजे वाटूरसारख्या गावातील शेतकऱ्याच्या मुलास घरची बोली, शाळेतील बाळबोध, कुलकर्ण्याची मोडी आणि तहसिलीची उर्दू अशा चार पायऱ्या दहा-वीस कोसांच्या आतच चढाव्या लागत. महाविद्यालय त्यापलीकडे होते.

उस्मानिया विद्यापीठाच्या स्थापनेचे फर्मान १९१७ साली निघाले व १९१८ साली विद्यापीठ स्थापन झाले. अकबर हैदरी यांनी त्यासाठी सादर केलेल्या टिपणातील मुख्य युक्तिवाद भाषेचा होता : परभाषेच्या ओझ्याखाली बुद्धी दबते, यास्तव उच्च शिक्षण देशी भाषेतून द्यावे. भारतातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात हा प्रयोग धाडसाचा होता यात शंका नाही. पाठ्यपुस्तके नव्हती म्हणून १९१७ मध्येच ‘दारुल तर्जुमा’ ही भाषांतरसंस्था उभी राहिली, आणि वैद्यकापर्यंतचे विषय उर्दूतून शिकविण्याची तयारी झाली. इंग्रजी हा विषय आवश्यक म्हणून ठेवण्यात आला. परंतु ज्या तत्त्वावर हा प्रयोग उभारला त्याच तत्त्वाची कसोटी मराठवाड्यात लावली तर काय दिसते? संस्थानातील बहुसंख्य प्रजेच्या भाषा तेलुगू, मराठी व कन्नड या होत्या. हैदरींचा युक्तिवाद वाटूरच्या मुलास लागू करावयाचा, तर त्याचे महाविद्यालय मराठीतून असावयास हवे होते. देशी भाषा आणि मातृभाषा या दोन कल्पना येथे एक मानल्या गेल्या, आणि ही गल्लत मुख्यतः उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला भोवली.

उर्दू या मुलांना अगदीच परकी होती असेही नाही, आणि या बाबतीत नंतरच्या लेखनात थोडी अतिशयोक्ती झालेली आढळते. बाजारात, तालमीत, रेल्वेच्या फलाटावर दखनी त्यांच्या कानांवर पडत असे व तोंडातही असे. मराठवाड्याच्या बोलीत आजही अर्ज, तारीख, मुदत, वसूल, गैरहजर हे शब्द घरचे आहेत. पण बाजारातील दखनी निराळी आणि विद्यापीठाच्या पुस्तकातील उर्दू निराळी. दारुल तर्जुमाने परिभाषेसाठी प्रामुख्याने अरबी-फारसीचा आश्रय केला. ज्या मुलाने त्रिकोण आणि बीजगणित हे शब्द ऐकले होते त्यास आता ‘मुसल्लस’ आणि ‘जब्र-ओ-मुकाबला’ शिकावे लागत. दखनी बोलता येणे हे या शब्दांपुढे फारसे उपयोगी नव्हते. किंबहुना ‘आपल्याला उर्दू येते’ या समजुतीने विद्यार्थी गाफील राहण्याचाच संभव अधिक.

औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज हे मराठवाड्यातील विद्यार्थ्यास या वाटेवरील पहिले दार होते. उर्दूचे थोर भाषापंडित मौलवी अब्दुल हक यांनी दारुल तर्जुमाच्या आरंभकाळी तेथील कामाची धुरा वाहिली, औरंगाबादच्या या कॉलेजचे प्राचार्यपद भूषविले, आणि ‘अंजुमन तरक्की-ए-उर्दू’चे कार्य दीर्घकाळ याच शहरातून चालविले. मराठीभाषक प्रदेशाच्या मध्यभागी उर्दू कोशरचनेचे व संशोधनाचे हे केंद्र उभे राहिले. त्या कार्याची विद्वत्ता निर्विवाद आहे. मात्र मराठीसाठी त्याच्या बरोबरीची सरकारी संस्था याच काळात या प्रदेशात उभी राहिली नाही, हेही तितकेच खरे. इंटरनंतर पदवीसाठी हैदराबाद. परतूर स्थानकावरून पश्चिमेस गाडी धरली म्हणजे जालना व औरंगाबाद, आणि पूर्वेस धरली म्हणजे परभणीवरून हैदराबाद. शिक्षणाचा भूगोल बऱ्याच अंशी लोहमार्गाने ठरविला होता. दुसरी वाट इंग्रजीची. मद्रास विद्यापीठाशी संलग्न असलेले हैदराबादचे निजाम कॉलेज त्या वाटेवर होते. पण ती वाट शहरातील व ऐपतदार घरांतील मुलांची.

या काळात विद्यार्थ्यास मार्गदर्शन कोण करी, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. त्यासाठी नेमलेला कोणी अधिकारी नव्हता. औरंगाबादची सरस्वती भुवन (स्थापना १९१५) किंवा हैदराबादची विवेकवर्धिनी (१९०७) यांसारख्या खाजगी संस्थांतील शिक्षक, तालुक्याचा वकील, हैदराबादेत नोकरीस असलेला एखादा नातलग – ही माणसे अर्ज लिहून देत, वसतिगृहाची चौकशी करीत, ओळखीची चिठ्ठी देत. त्यांचे खरे काम मात्र दुभाष्याचे होते. वडिलांचे उत्पन्न मराठीत सांगितले जाई व उर्दूत नोंदले जाई; जन्मतारीख घरच्यांना तिथीने किंवा दुष्काळाच्या सालाने आठवे आणि कागदावर फसली सनात उतरे. १३५० फसली म्हणजे ऑक्टोबर १९४० ते ऑक्टोबर १९४१. त्यातही आजूर, दय, बहमन अशी महिन्यांची नावे. ही जुळवाजुळव नीट न झाल्यास वयाचा घोटाळा जन्मभर पाठीस लागे. शाळामास्तरांनी यावर काढलेला तोडगा सर्वश्रुत आहे : शंका असेल तेथे १ जून लिहावे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस त्यामुळे एकाच दिवशी येतो. यास अडाणीपणा म्हणून हसण्याचे कारण नाही. शाळेचे वर्ष, वयाची अट आणि पालकाची स्मृती यांचा मेळ घालण्याची ती एक व्यवहारी युक्ती होती.

या उंबरठ्यापर्यंत येऊन थांबलेल्यांची गणना कोणी केलेली नाही. पण याच परिसरातील एक नाव मराठी वाचकास परिचित आहे. परतूर तालुक्यातील सातोना येथे १९१३ मध्ये जन्मलेले बी. रघुनाथ हे कवी, कथाकार व कादंबरीकार हैदराबादेत मॅट्रिक झाले. घरच्या परिस्थितीमुळे त्यांना महाविद्यालय लाभले नाही. परभणीस बांधकाम खात्यात कारकुनी करीत त्यांनी लेखन केले आणि १९५३ साली, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, ते निवर्तले. त्यांच्या बाबतीत अडसर बुद्धीचा नव्हता हे सांगण्याची आवश्यकता नाही.

१९३८ साली ‘वंदे मातरम्’ गाण्याच्या हक्कासाठी उस्मानियाच्या वसतिगृहांत व औरंगाबादेत विद्यार्थ्यांनी जो लढा दिला, त्यात अनेकांची नावे काढून टाकण्यात आली. त्यांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला, कुलगुरू टी. जे. केदार यांचे नाव त्या संदर्भात कृतज्ञतेने घेतले जाते. पुढे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव याच विद्यार्थ्यांपैकी होत. या प्रसंगाचा राजकीय अर्थ पुष्कळांनी सांगितला आहे. शैक्षणिक अर्थ असा की, मराठवाड्याच्या विद्यार्थ्यास संस्थानाबाहेर विद्यापीठ असू शकते ही गोष्ट प्रथमच मोठ्या प्रमाणावर प्रत्ययास आली. तथापि उर्दूतून शिकलेल्या विद्यार्थ्यास नागपुरात इंग्रजीशी गाठ होती. एक उंबरठा ओलांडला की भाषेचा दुसरा उंबरठा उभाच.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात सामील झाले आणि उस्मानियाचे माध्यम लवकरच इंग्रजी झाले. मातृभाषेचा प्रश्न सुटला असे नव्हे. तो एका भाषेकडून दुसऱ्या भाषेकडे सरकला. मात्र दारे वाढली. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज निघाले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत महाविद्यालय सुरू केले. पुढे ‘मिलिंद महाविद्यालय’ या नावाने ते ओळखले जाऊ लागले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. म. भि. चिटणीस हे त्याचे पहिले प्राचार्य. प्रवेशाच्या इतिहासात या संस्थेचे वेगळेपण असे की, विद्यार्थी दारापर्यंत येईल आणि मग त्यास आत घ्यावे, हा क्रम तेथे उलटा झाला. ज्यांच्या घराण्यात मॅट्रिक झालेला पहिलाच मुलगा होता, त्यांच्यासाठी वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या गोष्टी प्रवेशानंतरच्या सोयी नसून प्रवेशाचाच भाग होत्या. मार्गदर्शन ही व्यक्तीच्या मर्जीवरची कृपा न राहता संस्थेचे कर्तव्य झाले ते येथे.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. १४ जानेवारी १९९४ पासून ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखले जाते. पहिले कुलगुरू सुं. रा. डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाच्या कारभारात मुरलेले होते. जालन्यासही याच सुमारास महाविद्यालय निघाले. वाटूरच्या विद्यार्थ्यास हैदराबादची गाडी धरण्याचे आता कारण उरले नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याने भाषासंचालनालय स्थापिले, आणि अर्जावरची भाषा पालटू लागली : दरखास्तीचे ‘आवेदन’ झाले, इम्तिहानाची ‘परीक्षा’ आणि दाखिल्याचा ‘प्रवेश’. ‘दाखला’ मात्र टिकला, आणि त्याची संख्या वाढत गेली.

१९७५ साली दहावीची नवी शालान्त परीक्षा झाली व अकरावी-बारावी हा स्वतंत्र टप्पा निर्माण झाला. पूर्वी मॅट्रिकनंतर एकच उंबरठा होता, आता दोन झाले. दहावीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी विज्ञानशाखेत गेला की अकरावीस इंग्रजीत पडतो. ‘मुसल्लस’च्या जागी आता दुसरा शब्द आहे एवढेच. राज्याच्या सामाईक प्रवेशपरीक्षेत भौतिकी, रसायन व जीवशास्त्र यांच्या प्रश्नपत्रिका मराठीत व उर्दूतही मिळू लागल्या. गणिताची इंग्रजीतच राहिली. वैद्यकीय प्रवेशासाठी विद्यापीठक्षेत्रनिहाय ७०:३० चे सूत्र होते. मराठवाड्यात वैद्यकीय महाविद्यालये कमी, म्हणून त्याचा जाच या भागास अधिक झाला अशी तक्रार होती. २०२० साली ते सूत्र रद्द झाले. २०२५ पासून अकरावीचा प्रवेशही राज्यभर केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागला असून विद्यार्थ्यास दहापर्यंत पसंतिक्रम नोंदविता येतात. अर्जनविसाच्या जागी फाट्यावरचे सेवा केंद्र आले. तेथे संगणकावर बसलेला तरुण जे काम करतो ते पूर्वीच्या वकिलाच्या कामाहून फारसे निराळे नाही. फक्त तो विद्यार्थ्यास ओळखत नाही, आणि कोणत्या शाखेत जावे हे त्यास कोणी विचारतही नाही, निदान विचारू नये.

परंतु या इतिहासातील सर्वांत विलक्षण वळण कागदांच्या बाबतीत आले. राखीव जागेवरील प्रवेशासाठी जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी आवश्यक असते. २००१ च्या अधिनियमाने ही पडताळणी काटेकोर झाली. पडताळणी म्हणजे आजोबा-पणजोबांची नोंद शोधणे, आणि मराठवाड्यात ती नोंद निजामकालीन दप्तरात, म्हणजे उर्दूत किंवा मोडीत. २०२३ च्या ऑगस्टअखेर जालना जिल्ह्यातीलच अंतरवाली सराटी येथे मराठा आरक्षणाचे उपोषण सुरू झाले. त्यानंतर शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध हाती घेतला, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांची गरज जिल्ह्याजिल्ह्यांत भासू लागली. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटसंबंधीचा शासननिर्णय निघाला. त्या मागणीच्या आणि निर्णयाच्या योग्यायोग्यतेविषयी तीव्र मतभेद आहेत, व त्यांचा निवाडा भाषाभ्यासाच्या कक्षेत येत नाही. भाषाभ्यासाच्या कक्षेत येते ते इतकेच की, ज्या उर्दूने १९३० मध्ये वाटूरच्या मुलास महाविद्यालयाच्या दारात अडविले, तिच्याच एका ओळीवर आज त्याच्या पणतूचा प्रवेश अवलंबून असू शकतो, आणि ती ओळ घरात कोणालाही वाचता येत नाही.

मोडीचे वर्ग अलीकडे पुन्हा भरू लागले आहेत, आणि त्यांत इतिहासाच्या विद्यार्थ्यांबरोबर दाखल्याच्या शोधातले पालकही बसतात. शिकस्ता वळणाची उर्दू वाचू शकणारे मात्र थोडे आहेत आणि बहुतेक वृद्ध आहेत. मराठवाड्यातील मराठी व उर्दू विभागांनी एकत्र येऊन या दप्तरांतील नावे, व्यवसायवाचक शब्द व जातिनामे यांचा कोश करावयास हवा. एकाच गावाचे नाव मोडीत एका तऱ्हेने, उर्दूत दुसऱ्या तऱ्हेने आणि आजच्या महसुली यादीत तिसऱ्या तऱ्हेने लिहिलेले असते. उर्दू लिपीत ट आणि त यांतील, तसेच ऊ, ओ व औ यांतील भेद घाईच्या लेखनात पुसट होतो. ‘वाटूर’ हे नावदेखील त्या लिपीत एकाहून अधिक रीतींनी वाचता येते, आणि पडताळणीच्या प्रकरणात गावाच्या नावाचे वाचन चुकले तर नोंद सापडूनही ती उपयोगी पडत नाही.