स्कोअरशीटवर न आलेले खेळाडू

कॉलेजात असताना बास्केटबॉलच्या सामन्यांत स्कोअरशीट लिहिण्याचं काम माझ्याकडे असे. कुणी किती गुण केले आणि कुणाचे किती फाऊल झाले, एवढंच त्या कागदावर चढायचं. सामना संपला की मुलं कागदात डोकवायची. ज्याच्या नावापुढचा आकडा मोठा, तो त्या दिवसाचा हीरो! प्रतिस्पर्ध्याच्या सर्वांत चांगल्या खेळाडूला तासभर जखडून ठेवणारा मुलगा मात्र गुपचूप सायकल काढून घरी जायचा.

पुढे अमेरिकेतल्या बास्केटबॉलविषयी वाचू लागलो, तेव्हा हाच प्रश्न तिथंही भेटला. बोस्टन सेल्टिक्स या संघानं १९५७ ते १९६९ या तेरा हंगामांत अकरा वेळा एनबीएचं विजेतेपद मिळवलं. त्यातली आठ तर १९५९ ते १९६६ अशी ओळीनं. पण त्या संघातले खेळाडू खरोखरीचे तारे होते, की चांगल्या संघात होते म्हणून मोठे ठरले? यावर तिथले क्रीडारसिक अजूनही हमरीतुमरीवर येतात.

शंका घेणाऱ्यांचं म्हणणं अगदीच पोकळ नाही. १९५७ साली त्या स्पर्धेत आठच संघ होते. आता तीस आहेत. के. सी. जोन्सचंच उदाहरण घ्या. नऊ हंगाम तो खेळला, सामन्यामागे सरासरी जेमतेम ७.४ गुण. ऑल-स्टार सामन्यासाठी त्याची एकदाही निवड झाली नाही. तरी त्याच्या नावावर आठ विजेतेपदं आहेत आणि १९८९ मध्ये 'हॉल ऑफ फेम'चा मानही त्याला मिळाला. ही सगळी संघाची पुण्याई, असं टीकाकार म्हणतात.

संघाचा आधारस्तंभ होता बिल रसेल. त्याचीही सरासरी १५.१ गुणांचीच. त्याचा समकालीन विल्ट चेंबरलेन याने २ मार्च १९६२ रोजी एकाच सामन्यात शंभर गुण केले. त्या हंगामातली त्याची सरासरी होती ५०.४! आणि तरीही त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला रसेल. गंमत म्हणजे, ही निवड तेव्हा खुद्द खेळाडूंच्या मतांनी होत असे. ज्यांना दोघांशीही झुंजावं लागे, त्यांनी कौल दिला तो रसेलला.

त्यांना काय दिसलं होतं? रसेल समोरच्याचा फटका हवेतच अडवायचा, पण चेंडू प्रेक्षकांत भिरकावून द्यायचा नाही. तो अलगद आपल्या सहकाऱ्याकडे वळवायचा आणि तिथूनच सेल्टिक्सची चढाई सुरू व्हायची. जोन्सचं काम प्रतिस्पर्ध्याच्या हुकमी गार्डला बांधून ठेवण्याचं. आता हे मोजायचं कशात? अडवलेले फटके आणि हिसकावलेले चेंडू यांची नोंद एनबीएत सुरू झाली ती १९७३-७४ च्या हंगामापासून. रसेल तर १९६९ मध्येच निवृत्त झाला होता. म्हणजे ज्या गुणांवर तो संघ जिंकत होता, त्यांच्यासाठी कागदावर रकानाच नव्हता!

पण गोष्ट केवळ कागदाची नव्हती. एवढं जिंकूनही बोस्टनचं सभागृह अनेकदा रिकामं राही. २६ डिसेंबर १९६४ रोजी सेल्टिक्सनं सामन्याच्या आरंभी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. एनबीएत असं पूर्वी कधी घडलं नव्हतं, असं मानलं जातं. शहराजवळच्या रेडिंग गावात रसेलचं घर होतं. तिथं घुसून लोकांनी नासधूस केली, भिंतींवर वर्णद्वेषी शिव्या लिहिल्या. ज्या गावाला विजेतेपदं मिळवून दिली, त्या परिसरात हा अनुभव! १९७२ मध्ये त्याची ६ क्रमांकाची जर्सी सन्मानानं निवृत्त करण्यात आली, तेव्हा प्रेक्षक नकोत, असं त्यानं बजावलं. रिकाम्या सभागृहात, मोजक्या सहकाऱ्यांसमोर तो समारंभ उरकला.

१९७५ मध्ये 'हॉल ऑफ फेम'साठी खेळाडू म्हणून निवडला गेलेला तो पहिला कृष्णवर्णीय. तो समारंभाला गेलाच नाही. आपल्याआधी इतरांना हा मान मिळायला हवा होता, असं त्याला वाटत होतं. त्यांतला एक चक कूपर. १९५० मध्ये सेल्टिक्सनं त्याची निवड केली, तेव्हा एनबीएच्या संघानं निवडलेला तो पहिला कृष्णवर्णीय खेळाडू ठरला. कूपरचेही आकडे काही डोळे दिपवणारे नव्हते. त्याला तो मान २०१९ मध्ये, मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी मिळाला. त्यानंतरच, त्याच वर्षी, रसेलनं आपली अंगठी स्वीकारली. तेव्हा तो ८५ वर्षांचा होता. २०२२ मध्ये तो गेला, आणि त्याचा ६ क्रमांक साऱ्या एनबीएनं निवृत्त केला.

तारा कोण, हा वाद रंगावा. खेळाची मजाच त्यात आहे. पण एखाद्या जुन्या खेळाडूचा आकडा लहान दिसला, तर त्याला खाली उतरवण्याआधी त्या काळच्या कागदावर रकाने किती होते, हेही पाहावं. मी स्वतः असे कागद लिहिले आहेत. त्यांवर काय लिहायचं राहून गेलं, ते मला ठाऊक आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)