किशोरवयीन रोजगारातील घट
१४ ते १८ वयोगटातील मुलामुलींचे मजुरीच्या कामातील प्रमाण कमी होणे. रहिमतपूर (ता. कोरेगाव, जि. सातारा) परिसरासारख्या शेतीप्रधान भागात गुरे राखणे, घेवड्याच्या वाळल्या शेंगा झोडपणे, आल्याच्या गड्ड्यांची माती झाडणे ही पोरांची नेहमीची कामे. घटीचे मुख्य कारण शाळांचा प्रसार. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापलेल्या रयत शिक्षण संस्थेने ग्रामीण भागात माध्यमिक शिक्षण पोहोचवले. संस्थेच्या ‘कमवा आणि शिका’ योजनेत मात्र श्रमाला शिक्षणाचीच जोड होती. ट्रॅक्टर व मळणीयंत्रांमुळे हलकी कामे घटली. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने किशोरांना धोकादायक कामांची मनाई झाली. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांत मात्र मुले आजही कामाला जुंपली जातात.