भाड्याची दुचाकी : ओळखीपासून परवान्यापर्यंत

इतिहास म्हटला की लढाया, तह आणि राजवंश हेच आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. पण रोजच्या साध्या व्यवहारांनाही इतिहास असतो, आणि समाजाची घडी कशी बदलत गेली हे पुष्कळदा त्यांतूनच अधिक स्पष्ट दिसते. असाच एक व्यवहार आम्ही आज विचारासाठी घेतला आहे. एका दिवसाच्या सहलीसाठी किंवा आठ दिवसांच्या भटकंतीसाठी मोटारसायकल भाड्याने घ्यावयाची, स्वतः चालवावयाची आणि काम होताच परत करावयाची. व्यवहार एवढाच, परंतु त्याच्या पोटात एक प्रश्न आहे. ज्याची आपली ओळखदेख नाही, त्याच्या हाती आपले वाहन आणि रस्त्याने जाणाऱ्यांचा जीव कोणत्या भरवशावर सोपवावयाचा?

आपल्या गावोगावच्या सायकलच्या दुकानांनी या प्रश्नाचे एक उत्तर दिले होते. सायकल तासाच्या बोलीने मिळे. दुकानदार वहीत नाव, पत्ता आणि वेळ टिपून घेई. नवखा माणूस आला तर ओळखीच्या कोणाला तरी घेऊन ये म्हणे. सारा व्यवहार ओळखीवर चाले, आणि तो चालत असे याचे कारण नुकसानीची मर्यादा लहान होती. फार तर चाक वाकडे होई, गुडघा फुटे.

इंजिन आले आणि ही मर्यादा तुटली. यंत्राच्या वेगाने चालणारे वाहन तिऱ्हाइताचा प्राण घेऊ शकते, म्हणून १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. परंतु वाहनांची विभागणी मुख्यतः दोनच प्रकारांत होती : मालकाच्या खाजगी उपयोगाची, आणि चालकासह भाड्याने धावणारी. मालक एक, चालवणारा अनोळखी भाडेकरी, असा तिसरा प्रकार या विभागणीत नीट बसत नव्हता.

हा तिसरा प्रकार आपल्याकडे सर्वांत ठळकपणे वाढला तो गोव्यात. १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगीज सत्ता संपली. मांडवी आणि जुवारी यांच्या पात्रांनी, खाड्यांनी आणि डोंगरांनी तुकडे पडलेला हा प्रदेश. बस हमरस्त्यावर उतरवून देई, पण वाडी आत कोस अर्ध्या कोसावर असे. तेथे मोटारसायकलच टॅक्सी झाली. पुढच्या चाकावरील पिवळ्या मडगार्डने ओळखू येणाऱ्या या टॅक्सीच्या चालकाला गोव्यात ‘पायलट’ म्हणतात. म्हणजे दुचाकी भाड्याने मिळते ही कल्पना तेथील लोकांना परकी नव्हती. फक्त ती चालवणारा गावचा होता.

पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस परदेशी तरुण हणजूण, कळंगुटच्या किनाऱ्यांवर येऊ लागले आणि मुक्कामाला राहू लागले. ऐंशीच्या दशकात खास पर्यटकांची विमाने उतरू लागली. या पाहुण्यांना पायलटच्या मागे बसण्यापेक्षा स्वतः हिंडणे हवे होते. वाहनेही तयार होती. १९५५ मध्ये मद्रासला एन्फिल्ड इंडिया कंपनी निघाली, आणि सैन्यासाठी घेतलेली बुलेट पुढे लांबच्या प्रवासाची आवडती गाडी ठरली. १९८४ मध्ये पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिक कंपनीने जपानच्या होंडाच्या सहकार्याने गिअर नसलेली, बटणाने सुरू होणारी स्कूटर आणली. चालवावयास इतकी सोपी गाडी मिळाल्यावर भाडेकऱ्यांचे वर्तुळ वाढले यात नवल नाही. घरातली एक स्कूटर हंगामात भाड्याने द्यावी, चार पैसे मिळवावेत, हा किनाऱ्यावरील कुटुंबांचा जोडधंदा झाला.

येथेच खरा पेच आहे. खाजगी उपयोगासाठी नोंदलेल्या गाडीचा विमाही खाजगी उपयोगापुरताच असतो. अशी गाडी भाड्याने दिली, आणि भाडेकऱ्याने पायी चालणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला धडक दिली, तर विमा कंपनी अट मोडल्याचा मुद्दा न्यायालयात मांडू शकते. पाहुणा सुटी संपवून घरी निघून जातो. मागे राहतात ते गाडीचा मालक आणि जायबंदी झालेला माणूस. बहुधा दोघेही एकाच गावचे.

कायद्याने हा पेच उशिरा ओळखला. १९८८ चा मोटार वाहन कायदा झाल्यावर १९८९ मध्ये स्वतः चालवावयाच्या मोटारींच्या भाड्याची योजना आली, आणि १९९७ मध्ये मोटारसायकलींची. मोटारींच्या योजनेत परवान्यासाठी किमान पन्नास गाड्यांची अट होती, मोटारसायकलींच्या योजनेत किमान पाच. या दोन आकड्यांत बरेच काही सांगितलेले आहे. दुचाकीचा धंदा लहान माणसाचा आहे हे सरकारने ओळखले. मात्र एका स्कूटरवर जोडधंदा करणारे घर त्या मापातही बसत नव्हते. अशांनी नियमबाहेरचा मार्ग धरला तर त्यांना केवळ लबाड म्हणून मोकळे होणे आम्हांला न्याय्य वाटत नाही. नियमाचे माप आणि जगण्याचे माप यांत अंतर पडले की मधल्या जागेत चोरवाट तयार होते.

तथापि नियमाचे मोलही विसरून चालणार नाही. परवान्याच्या भाड्याच्या गाडीची नंबरप्लेट काळी आणि अक्षरे पिवळी असतात. त्या पाटीचा अर्थ असा की, ही गाडी अनोळखी माणूस चालवणार आहे हे नोंदणी करणाऱ्याला आणि विमा देणाऱ्याला आधीच ठाऊक आहे. सायकलच्या दुकानातील वहीने जे काम केले तेच काम येथे पाटी करते. ओळखीची जागा नोंदीने घेतली, इतकेच.

म्हणून सुटीत गोव्याला जाल तेव्हा दोन रुपये स्वस्त म्हणून पांढऱ्या पाटीची गाडी घेऊ नका. लायसन जवळ ठेवा, हेल्मेट घाला, आणि किल्ली हातात घेण्यापूर्वी विम्याचा कागद मागा. तो मागण्यात मालकाचा अपमान नाही. ज्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही, अशा रस्त्यावरच्या माणसाच्या वतीने आपण तो मागत असतो.